लघवीची तपासणी पॉझिटिव्ह आली, पण भावाने फक्त खोकल्याचं औषध घेतलं होतं

मुक्तछंद

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

धाकट्या भावाची नोकरी पक्की झाली होती, फक्त वैद्यकीय तपासणी बाकी होती. त्यात लघवीचा नमुना घेतला आणि तिसऱ्या दिवशी फोन आला की ओपिएट्स (मॉर्फिन, हेरॉइन असे अफूवर्गातले पदार्थ) पॉझिटिव्ह आहे, सध्या रुजू होऊ नका. कागद हातात काही दिला नाही. भाऊ आयुष्यात सिगरेटलाही शिवलेला नाही. नमुना देण्याआधी पाच दिवस तो खोकल्याने बेजार होता आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं कोडीनचं औषध घेत होता. चिठ्ठी आहे, बाटलीही आहे.

घरात सुतकी शांतता आहे. बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. "मशीन कशाला खोटं बोलेल?" एवढं एकच वाक्य ते धरून बसलेत, आणि खरं सांगते, त्यावर काय बोलावं हे मलाही सुचत नाही. भावावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण नुसत्या विश्वासावर बाबा ऐकणार नाहीत.

या तपासणीत नेमकं काय पाहतात? औषधामुळे असं होऊ शकतं का? आणि आता आम्ही कोणाकडे काय मागायचं? इथे प्रयोगशाळेत काम करणारं कोणी असेल तर कृपया लिहा.

रानवारा

आधी लेखी अहवाल मागा. तपासणी पट्टीवर केली की यंत्रावर, आणि पुढची खातरजमा झाली की नाही, हे त्यावर असायला हवं. फोनवरचं बोलणं धरून काही ठरवू नका. भावाला सांगा, चिठ्ठी आणि बाटली जपून ठेव.

नमुनेदार

मी विषविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करतो. एकवीस वर्षं झाली. (आयडी त्यावरूनच घेतलाय.)

मुक्तछंद, तुमच्या बाबांचं वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. मशीन खोटं बोलत नाही हे खरंच आहे. पण त्याला काय विचारलं होतं ते आधी बघावं लागतं.

पहिल्या फेरीच्या तपासणीला आम्ही स्क्रीनिंग म्हणतो. ती बहुतेक वेळा इम्युनोअसे पद्धतीची असते. त्यात एक प्रतिपिंड असतं आणि ते रेणूला त्याच्या आकारावरून धरतं. गर्दीत पाठमोरा माणूस पाहून आपण ओळखीचा समजून हाक मारतो ना, तसंच. उंची तीच, खांदे तेच, चाल तीच. दहातल्या नऊ वेळा तो आपलाच माणूस निघतो. दहाव्या वेळी त्याचा भाऊ निघतो.

ओपिएट्सचं प्रतिपिंड साधारणपणे मॉर्फिनसाठी बनवलेलं असतं. कोडीन आणि मॉर्फिन यांचा सांगाडा एकच, फरक एका मिथिल गटाचा. त्यामुळे कोडीनलाही ते धरतं. शिवाय यकृत कोडीनचा काही भाग मॉर्फिनमध्येच बदलतं, खोकल्याच्या औषधातल्या कोडीनचाही. म्हणजे तुमच्या भावाच्या लघवीत खरंखुरं मॉर्फिन असू शकतं आणि तरीही तो शंभर टक्के खरं बोलत असेल.

चेहरा बघायचं काम दुसऱ्या फेरीत होतं. जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस-एमएस, म्हणजे आधी घटक वेगळे करायचे आणि मग एकेका रेणूचे तुकडे करून त्यांची वजनं पाहायची. मॉर्फिन मोजायचं असेल तर नमुन्यात आम्ही ठरावीक मात्रेत 'जड मॉर्फिन' आधीच टाकतो, ज्यातल्या तीन हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन असतं. सगळ्या प्रक्रियेत ते खऱ्या मॉर्फिनबरोबरच वाहतं, सांडतं, उरतं. त्यामुळे शेवटी किती होतं याचा हिशेब पक्का लागतो. रेणू ठरलेल्या वेळी बाहेर आला पाहिजे, त्याचे ठरलेले तुकडे दिसले पाहिजेत आणि त्या तुकड्यांचं एकमेकांशी प्रमाणही जुळलं पाहिजे. गांजाच्या शरीरात मोडून उरलेल्या अवशेषाचे जीसी-एमएसवर आम्ही ३७१, ४७३ आणि ४८८ हे तीन तुकडे पाहतो. त्यातले दोन जुळले आणि तिसरा बिनसला, तर अहवाल पॉझिटिव्ह जात नाही.

हेरॉइनची एक खास खूण आहे, ६-मोनोअॅसिटिलमॉर्फिन, थोडक्यात ६-एएम. ती कोडीनपासून तयार होत नाही, खसखशीतूनही येत नाही. ती सापडली तर हेरॉइन घेतलंय. पण ती शरीरातून लवकर, साधारण दिवसभरात निघून जाते, त्यामुळे ती नाही सापडली म्हणजे हेरॉइन नव्हतंच असं मात्र म्हणता येत नाही. हेही सांगायलाच हवं.

तुम्ही तीन गोष्टी विचारा. खातरजमा केली का? मॉर्फिन, कोडीन आणि ६-एएम वेगवेगळे मोजले का? उंबरठा, म्हणजे किती प्रमाणापासून पॉझिटिव्ह धरायचं ती मर्यादा, किती धरला होता?

काजवा

नमुनेदार, पाठमोऱ्या माणसाचं उदाहरण फार आवडलं. वाचनखूण साठवली.

शुभदा_क

पट्टीबद्दल एक सांगते, कारण याच एका गैरसमजाने आमच्याकडे एका मुलीची नोकरी जाता जाता राहिली.

मी परिचारिका आहे. गरोदरपणाच्या पट्टीवर रेघ उमटली की 'आहे'. अमली पदार्थांच्या पट्टीवर बरोबर उलटं असतं, रेघ उमटली की 'नाही'. लघवीतला पदार्थ आणि पट्टीवरचा पदार्थ प्रतिपिंडासाठी स्पर्धा करतात. लघवीत पदार्थ असेल तर प्रतिपिंडं तिथेच अडकतात आणि पट्टीवर रेघ तयारच होत नाही. आणि रेघ कितीही फिकट असली तरी ती निगेटिव्हच धरायची. अर्धवट पॉझिटिव्ह असं काही नसतं.

त्या मुलीची रेघ फिकट होती. वाचणाऱ्याने 'थोडं पॉझिटिव्ह' असं लिहून टाकलं होतं. मी तिथे होते म्हणून पट्टीसोबतची माहिती उघडून दाखवली. मी नसते तर? हा विचार अजूनही मनातून जात नाही.

कणखर

सर्वांच्या सहानुभूतीचा आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. मी अवजड यंत्रांच्या ठिकाणी सुरक्षा अधिकारी आहे. नशेत असलेल्या एका चालकामुळे सहकारी कायमचा अधू झालेला मी पाहिलाय. तो दिवस आठवला की आजही झोप लागत नाही.

स्क्रीनिंग पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला अंतिम अहवाल येईपर्यंत क्रेनवर चढवायचं का? मी चढवणार नाही. त्याच्या घरी वातावरण बिघडेल, मान्य. पण खाली उभ्या असलेल्या दहा जणांनाही घर आहे. कंपनीने रुजू होणं पुढे ढकललं यात मला चूक दिसत नाही.

मुक्तछंद

कणखर, तुमचा मुद्दा समजला आणि पटलाही. पुढे ढकलण्याला हरकत नाही. पण फोनवर "तुमचा भाऊ नापास झाला" असं सांगितलं गेलं. तोच शब्द बाबांच्या कानावर पडला.

कणखर

हे चुकलंच. आम्ही खातरजमा होईपर्यंत पॉझिटिव्ह हा शब्द उच्चारत नाही. अहवालात 'निगेटिव्ह नाही, पुढील तपासणी प्रलंबित' असं लिहितात आणि ते फक्त दोघांना कळतं. माणसाला कामावरून बाजूला ठेवायचं, पण त्याची बदनामी होऊ द्यायची नाही. दोन्ही जमतं, फक्त सांगणाऱ्याला तसं शिकवावं लागतं.

नमुनेदार

कणखर, बाजूला ठेवण्याशी सहमत. फक्त एक भर घालतो. लघवीच्या तपासणीतून माणसाने पदार्थ घेतला होता एवढंच कळतं. या क्षणी तो नशेत आहे का, ते कळत नाही. लघवीत सापडतो तो बहुतेकदा शरीराने मोडून टाकलेला अवशेष असतो. कोकेनचा बेंझॉइलएक्गोनिन, गांजाचा टीएचसी-सीओओएच. हे दोन्ही अवशेष स्वतः नशा आणत नाहीत. अपघातानंतर नशेचा प्रश्न असेल तर रक्त लागतं, तेही लवकर. कोकेनच्या बाबतीत तर नळीत सोडियम फ्लोराइड असावं लागतं, नाहीतर रक्तातली विकरं नळीतही कोकेन मोडत राहतात आणि उशिरा तपासलं तर आकडा खोटा कमी येतो.

अनुस्वार

खसखशीचा उल्लेख वर आलाय म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

खसखस ही अफूच्याच झाडाची बी. बीच्या आत मॉर्फिन जवळपास नसतं, पण बोंडाचा चीक कवचावर लागून राहतो. पिकाच्या जातीवर, काढणीवर आणि बी किती धुतली यावर त्याचं प्रमाण खूप बदलतं. एका पिशवीतली खसखस खाऊन काहीच होत नाही, दुसऱ्या पिशवीतल्या खसखशीने तपासणी फिरते.

अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या तपासण्या १९८६ च्या अध्यक्षीय आदेशानंतर सुरू झाल्या. तेव्हा ओपिएट्सचा उंबरठा मिलिलीटरमागे ३०० नॅनोग्रॅम होता. त्यात खसखस खाणारे आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून कोडीन घेणारे इतके अडकले की १९९८ मध्ये तो थेट २००० वर नेला. तरी प्रश्न पूर्ण सुटला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळायचा सल्ला दिला, कारण काही बियांमध्ये कोडीनचं प्रमाण आधीच्या समजापेक्षा जास्त असू शकतं असं लक्षात आलं होतं.

मुक्तछंद, म्हणून नमुनेदार यांनी सांगितलेला तिसरा प्रश्न नक्की विचारा. अनेक पट्ट्या आजही ३०० वरच चालतात. तोच नमुना एका उंबरठ्यावर पॉझिटिव्ह आणि दुसऱ्यावर निगेटिव्ह येऊ शकतो, आणि दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असतात.

एकटा_पांथस्थ

एका मित्रासाठी विचारतोय. जास्त पाणी प्यायलं किंवा अजून काही घेतलं तर नमुना निगेटिव्ह येतो का? पुढच्या आठवड्यात त्याची तपासणी आहे.

संपादक

एकटा_पांथस्थ, तपासणी चुकवण्याचे उपाय इथे कोणी सुचवू नयेत, सुचवल्यास तो प्रतिसाद उडवला जाईल. प्रश्न राहू देत आहोत, कारण उत्तर देण्यासारखं त्यात काहीतरी आहे.

नमुनेदार

धन्यवाद संपादक. पांथस्थ, मित्राला उपाय सांगणार नाही, पण आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो. नमुना हातात आला की चार मिनिटांच्या आत त्याचं तापमान पाहतात, ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं लागतं. मग क्रिएटिनिन (लघवीत नेहमीच असणारा शरीरातला टाकाऊ पदार्थ), आम्लता, विशिष्ट गुरुत्व आणि बाहेरून काही मिसळलंय का, हे तपासतात. पाण्याने पातळ झालेली लघवी क्रिएटिनिनवरून लगेच ओळखू येते आणि पुन्हा नमुना द्यावा लागतो. यात माणसाचा जीव धोक्यात घालणारे प्रकारही मी पाहिलेत. बेसुमार पाणी पिऊन रक्तातलं सोडियम खाली येतं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. मित्राला हे नक्की सांगा.

किती दिवस सापडतं, हे लपवण्यासारखं नाही. कोकेनचा अवशेष साधारण दोन ते चार दिवस, अॅम्फेटामिनही तेवढंच, मॉर्फिन दोन-तीन दिवस. गांजा एकदाच घेतला असेल तर तीनेक दिवस, पण रोज घेणाऱ्यात तो चरबीत साठतो आणि महिनाभर किंवा त्याहूनही जास्त काळ झिरपत राहतो. मित्र रोज घेत असेल आणि सुटत नसेल, तर एका आठवड्यापुरती तपासणी टाळून त्याचं काही भलं होणार नाही. बोलायचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. मी कोणालाही काही सांगणार नाही.

सावली

मी क्वचित लिहिते. वरचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

माझा मुलगा चार वर्षं व्यसनात होता. आज सावरलाय. आम्ही घरी पट्ट्या आणायचो. आठवड्यातून दोनदा तो नमुना द्यायचा, रेघ उमटायची आणि मी देवापुढे हात जोडायचे. सहा महिने हे चाललं. मग एका रात्री तो न्हाणीघरात निळा पडलेला सापडला. फेंटानिल, मॉर्फिनसारखंच पण कितीतरी तीव्र असं कृत्रिम औषध. आमच्या पट्टीवर ओपिएट्स लिहिलेलं होतं आणि मी समजत होते की त्यात सगळं आलं.

नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की फेंटानिलचा सांगाडाच वेगळा. मॉर्फिनच्या प्रतिपिंडाला तो दिसतच नाही. मेथाडोन, ट्रॅमाडॉल यांचंही तसंच, त्यांची वेगळी पट्टी लागते. नालोक्सोन हा त्यावरचा उतारा वेळेवर मिळाला म्हणून मुलगा वाचला.

इथे सगळे खोट्या पॉझिटिव्हबद्दल बोलताय, ते बरोबरच आहे. पण माझ्या घरी सहा महिने खोटं निगेटिव्ह आलं, त्याबद्दलही बोला. पट्टीवरची अक्षरं वाचा. जे त्यावर लिहिलेलं नाही, ते तपासलेलं नाही.

मुक्तछंद

सावलीताई, वाचून डोळे भरून आले. तुमचा मुलगा आज ठीक आहे हे वाचून खूप बरं वाटलं.

नमुनेदार

सावलीताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. अशीच गोची झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांची होते. क्लोनाझेपाम शरीरात ७-अमिनोक्लोनाझेपाम बनून बाहेर पडतं आणि अनेक जुने संच ते नीट पकडत नाहीत. डॉक्टरांनी दिलेली गोळी रुग्ण नियमित घेत असतो, अहवाल निगेटिव्ह येतो आणि तो गोळ्या विकतो असा संशय घेतला जातो. असे रुग्ण रडताना मी पाहिलेत.

त्रैराशिक

मी संख्याशास्त्र शिकवतो. मुक्तछंद यांच्या बाबांसाठी एक हिशेब देतो, कागदावर मांडून दाखवा. आकडे समजण्यापुरते घेतलेत.

हजार उमेदवार आहेत. त्यातले १० खरोखर अमली पदार्थ घेतात. तपासणी इतकी चांगली की त्या दहाच्या दहा जणांना पकडते. न घेणाऱ्यांपैकी मात्र १०० मागे ५ जणांवर ती चुकून बोट ठेवते. न घेणारे ९९०, म्हणजे चुकून अडकलेले जवळपास ५०. एकूण पॉझिटिव्ह ६०. त्यात खरे १०.

म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सहा जणांतले पाच निर्दोष. आणि हीच तपासणी व्यसनमुक्ती केंद्रात केली, जिथे हजारातले ५०० घेत असतील, तर पॉझिटिव्ह येतील ५२५ आणि त्यातले ५०० खरे. पट्टी तीच, रसायन तेच. फक्त कोणाला तपासलं ते बदललं. सरसकट उमेदवारांवर स्क्रीनिंग करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी हा हिशेब भिंतीवर लावलेला असावा असं मला मनापासून वाटतं.

काजवा

त्रैराशिक सर, शाळेत असं शिकवलं असतं तर मी गणितात पास झालो असतो!

तळटीप

मी वकील आहे. खातरजमा न करता निकाल दिला तर काय होतं याचं सर्वांत मोठं उदाहरण कॅनडातलं आहे. इथे बऱ्याच जणांना ते माहीत नसेल.

टोरांटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रनमध्ये मदरिस्क नावाची प्रयोगशाळा होती. ती पालकांचे केस तपासून अमली पदार्थ आणि मद्याचे अहवाल द्यायची. ते अहवाल बालसंरक्षणाच्या खटल्यांत पुरावा म्हणून वापरले जायचे, म्हणजे मूल आईवडिलांकडे राहणार की नाही हे ठरवताना. २०१५ मध्ये निवृत्त न्यायाधीश सुसान लँग यांच्या स्वतंत्र चौकशीने निष्कर्ष काढला की २००५ ते २०१५ या काळातली तिथली केसांची तपासणी बालसंरक्षण आणि फौजदारी प्रकरणांत वापरण्यासाठी अपुरी आणि अविश्वसनीय होती. सुरुवातीची कित्येक वर्षं तर निकाल इम्युनोअसेवरच दिले जात होते, दुसऱ्या फेरीची खातरजमा न करता. म्हणजे नमुनेदार म्हणतात तो पाठमोरा माणूस. चेहरा कोणी पाहिलाच नाही.

नंतर नेमलेल्या आयोगाने १,२७१ प्रकरणं तपासली आणि २०१८ च्या अहवालात सांगितलं की ५६ प्रकरणांत त्या चाचण्यांचा निकालावर मोठा परिणाम झाला होता. छप्पन्न. त्यातल्या मुलांची तोवर दुसरी घरं झाली होती. लहान मूल दोन-तीन वर्षांत ज्यांच्याकडे राहतं त्यांनाच आई म्हणू लागतं. न्यायालय चूक मान्य करू शकतं, पण ती वर्षं कोणी परत देऊ शकत नाही.

हा अहवाल वाचल्यानंतर मी प्रत्येक प्रकरणात कच्चे आलेख मागायला लागलो. नुसता 'पॉझिटिव्ह' असा शब्द लिहिलेला कागद मी स्वीकारत नाही.

एरंड

मग केसांची तपासणी बंदच करायला हवी. भंपक प्रकार.

नमुनेदार

एरंड, इथे मी असहमत. पद्धत आणि प्रयोगशाळा यांत फरक करायला हवा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून टाळूजवळचे तीनेक सेंटीमीटर कापले की मागच्या तीन महिन्यांची नोंद मिळते. इतका मागचा काळ ना लघवीत दिसतो ना रक्तात. नको ते औषध गुपचूप पाजून झालेल्या अत्याचारात तक्रार दोन महिन्यांनी आली, तर केसाशिवाय दुसरा पुरावाच नसतो.

पण केसाला त्याच्या अडचणी आहेत. धूर आणि घाम बाहेरून चिकटतात, म्हणून धुवून घ्यावा लागतो आणि ते धुण्याचं पाणीही तपासावं लागतं. कोकेनसारखे आम्लारीधर्मी पदार्थ केसाला रंग देणाऱ्या मेलॅनिनला धरतात, त्यामुळे तेवढंच घेतलेल्या दोघांत काळ्या केसात जास्त सापडू शकतं. रंग लावलेल्या, ब्लीच केलेल्या केसात कमी सापडतं. हे सगळं अहवालात लिहिणारी प्रयोगशाळा असेल तर केस बोलका असतो.

एरंड

ठीक. 'भंपक' हा शब्द मागे घेतो. औषध पाजण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

पायवाट

अवांतर आहे, पण या शास्त्राची सुरुवात सांगायचा मोह आवरत नाही. १८५० मध्ये बेल्जियमच्या एका सरदाराने मेव्हण्याला निकोटिन पाजून मारलं. वनस्पतींतली अल्कलॉइडं मृतदेहातून शोधता येत नाहीत अशीच तोवर समजूत होती. जाँ सर्वे स्टास या रसायनशास्त्रज्ञाने अवयव अल्कोहोल आणि आम्लात घोळवले, मग आम्ल मारून ईथरने निकोटिन बाहेर खेचलं. खून सिद्ध झाला. आम्लात एकीकडे, आम्लारीत दुसरीकडे, हीच युक्ती आजही नमुना तयार करताना वापरतात ना, नमुनेदार?

आणि आता तर अख्ख्या शहराची लघवी तपासतात! २००५ मध्ये इटलीत संशोधकांनी पो नदीच्या पाण्यात कोकेनचा अवशेष मोजून किती कोकेन वापरलं जातं याचा अंदाज बांधला. कोणाचं नाव नाही, कोणाची बदनामी नाही, आणि तरी किती खपतंय ते कळतं.

नमुनेदार

पायवाट, हो, मूळ तत्त्व तेच. आता ईथरच्या जागी बऱ्याचदा छोट्या नळीतला गाळणारा थर असतो, पण आम्लता बदलून रेणूला इकडून तिकडे ढकलणं तेच.

रानवारा

शेजारच्यांच्या गांजाच्या धुराने माझी तपासणी बिघडेल का? हसू नका, खरंच विचारतोय.

अनुस्वार

१९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डचं सुवर्ण जिंकलेल्या रॉस रेबाग्लियाटीने हेच कारण दिलं होतं. मिलिलीटरमागे १७.८ नॅनोग्रॅम सापडलं होतं आणि मर्यादा १५ ची होती. पदक काढलं आणि परतही दिलं, पण धुराचं म्हणणं पटलं म्हणून नाही. गांजा ऑलिंपिक समितीच्या बंदीच्या यादीतच नव्हता. २०१३ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ही मर्यादा १५० केली.

नोकरीच्या तपासणीत स्क्रीनिंगचा उंबरठा साधारण ५० असतो. शेजारच्या घरातून येणाऱ्या वासाने तिथवर पोचणं जवळपास अशक्य. खिडक्या बंद असलेल्या, धुराने भरलेल्या खोलीत तासभर बसलात, तर पुढच्या काही तासांत क्वचित घडू शकतं.

शुभदा_क

बाकी सगळं रसायन ठीक, पण सर्वाधिक चुका बाटलीवरच्या चिठ्ठीत होतात. भावाला विचारा, सील त्याच्यासमोर लावलं का? सीलवर त्याची सही आहे का? नमुना दोन बाटल्यांत विभागला का? नमुना एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक वेळी नोंद व्हायला हवी.

नमुनेदार

अगदी खरं. आणि यंत्रही स्वच्छ राहावं लागतं. काही वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली एका अतितीव्र नमुन्यानंतरच्या कोऱ्या (काहीच पदार्थ नसलेल्या) द्रावणाच्या आलेखात छोटंसं शिखर दिसलं. म्हणजे आधीच्या माणसाचं कोकेन पुढच्या माणसाच्या नावावर चढायला निघालं होतं. त्या दिवसाचे सगळे नमुने आम्ही पुन्हा लावले, रात्री अडीच वाजले. कोरं द्रावण मध्ये लावलं नसतं तर कळलंही नसतं. तेव्हापासून नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी तो आलेख दाखवतो.

मुक्तछंद

मंडळी, सतरा दिवसांनी परत आलेय. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

लेखी अहवाल मागितला. पहिली तपासणी पट्टीवरची होती, उंबरठा ३००. खातरजमा केलीच नव्हती! नमुना दोन बाटल्यांत होता, सीलवर भावाची सही होती. तळटीप यांनी व्यक्तिगत निरोपातून मसुदा दिला, त्याप्रमाणे अर्ज केला आणि दुसरी बाटली मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेली. काल निकाल आला. कोडीन आहे, मॉर्फिन त्यापेक्षा बरंच कमी आहे, ६-एएम नाही. त्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी भावाला स्वतः फोन केला, चिठ्ठी पाहिली, डॉक्टरांशी बोलले आणि अंतिम निकाल निगेटिव्ह म्हणून कळवला. सोमवारी तो रुजू होतोय.

कणखर

मनापासून अभिनंदन. त्याला हेल्मेट नीट घालायला सांगा.

सावली

देव भलं करो.

नमुनेदार

फार आनंद झाला. एक सांगून ठेवतो, हा धागा पुढे कोणी वाचेल म्हणून. इथे कोडीन जास्त आणि मॉर्फिन कमी आलं म्हणून सोपं गेलं. नमुना कोडीन थांबवल्यानंतर दीड-दोन दिवसांनी घेतला असता तर मॉर्फिन जास्त आणि कोडीन कमी असंही दिसू शकलं असतं, कारण कोडीन आधी निघून जातं. तेवढ्यावरून कोणाला खोटं ठरवू नका. शेवटचा डोस कधी घेतला ते विचारा.

मुक्तछंद

नोंद केली. बाबांनी काल रात्री चष्मा लावून हा अख्खा धागा वाचला. त्रैराशिक सरांचा हिशेब स्वतः वहीत मांडून पाहिला, ९९० चे पाच टक्के दोनदा काढले. आज सकाळी ते भावाच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. नंतर त्यांनी मला नमुनेदार यांना विचारायला एक प्रश्न दिला. ज्यांचा निकाल पॉझिटिव्हच राहतो, त्यांचे नमुने किती दिवस ठेवतात? पुढे कोणाला दाद मागायची असेल तर?

नमुनेदार

बाबांना नमस्कार सांगा. अमेरिकेच्या संघीय नियमांत पॉझिटिव्ह नमुना गोठवून उणे २० अंशांवर किमान एक वर्ष ठेवावा लागतो, आणि वाद चालू असेल तर लेखी मागणीवर त्याहून जास्त. आम्हीही तेच पाळतो. आमच्या शीतगृहात आत्ता चार वर्षांपूर्वीची एक बाटली आहे. खटला संपलेला नाही, म्हणून तिला कोणी हात लावलेला नाही.